कोर्टाची पायरी आणि आपल्या मुली

 

मी बचत गटांची समन्वयक. त्यामुळे एरवी माझ्या तोंडी कर्जाची परतफेड, बँक जोडणी, शेळ्या, पापड-मसाले असेच विषय असतात. आज मी शिक्षणाबद्दल बोलणार आहे, आणि तेही एका अशा शिक्षणाबद्दल, ज्याचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "पोरीच्या जातीला हे कशाला?" ते शिक्षण म्हणजे फौजदारी न्यायाचं. गुन्हा, पोलीस, कोर्ट, तुरुंग या सगळ्याचा कॉलेजात, विद्यापीठात बसून रीतसर अभ्यास करणं.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खोटी नाही. कोर्टात चपला झिजतात, पैसा जातो, दिवसाची मजुरी बुडते. पण पायरी चढायची की नाही हे दर वेळी आपल्या हातात कुठे असतं? शेजारचा बांध कोरतो. लेक सासरहून अंगावर वळ घेऊन येते. कुणी मोबाईलवर ओटीपी विचारून खात्यातले पैसे काढून घेतं. मग शहाणी असो की भोळी, बाईला ती पायरी चढावीच लागते. म्हणून माझं म्हणणं असं, की जी पायरी चुकत नाही, ती ओळखणारं एक तरी माणूस आपल्यातलं असावं.

आधी फौजदारी न्याय म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगते. जमिनीची वाटणी, खरेदीखत, वारस, ही दिवाणी प्रकरणं. मारहाण, चोरी, फसवणूक, छळ, बलात्कार, खून, ही फौजदारी. फौजदारी प्रकरण एका साखळीसारखं चालतं. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिली जाते. तपास होतो, पंचनामा होतो, साक्षीदारांचे जबाब होतात. दवाखान्यात जखमेची तपासणी होते. रक्ताचे डाग, कपडे, मोबाईल प्रयोगशाळेत जातात. मग दोषारोपपत्र, सरकारी वकील, साक्षी, उलटतपासणी, निकाल. त्यानंतर तुरुंग, नाहीतर सुटका. आणि जिच्यावर अन्याय झाला तिची भरपाई, तिचं पुन्हा उभं राहणं. या साखळीतल्या प्रत्येक कडीवर कुणीतरी शिकलेलं माणूस बसलेलं असतं. एक कडी निसटली की पुढचं सगळं सैल पडतं.

कडी कशी निसटते ते आमच्या गटातल्या एका ताईंच्या अनुभवातून सांगते. नाव, गाव, ठाणं काही सांगत नाही. बांधावरून भाऊबंदकीचं भांडण झालं. चुलत दिरानं हातातला विळा चालवला. ताईंच्या दंडाला टाके पडले. त्या ठाण्यात गेल्या. घाबरलेल्या, रडवेल्या. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मला मारलं, शिव्या दिल्या." समोरच्यानं तेवढंच लिहून घेतलं आणि एक कागद हातात दिला. ताईंनी तो कागद रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला. त्यांना वाटलं केस झाली, आता तारीख येईल. वर्ष उलटलं. तारीख आली नाही. शेवटी एका वकिलांनी कागद पाहिला आणि सांगितलं, ही अदखलपात्र नोंद आहे. यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करत नाहीत. तारीख येणारच नव्हती.

मैत्रिणींनो, इथे फरक एका शब्दाचा होता. हातानं मारून किरकोळ दुखापत केली तर तो गुन्हा सहसा अदखलपात्र धरला जातो. विळा, कोयता, सुरी अशा धारदार वस्तूनं दुखापत केली तर तो दखलपात्र होतो. दखलपात्र म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवून तपास केलाच पाहिजे असा. ताईंच्या बरोबर एखादी जाणती बाई असती, तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, "कशानं मारलं?" आणि दुसरा, "दवाखान्यातला कागद कुठे आहे?" त्याच्याही पुढे, कायद्यात मुदत असते. ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंतच शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टानं वर्षाच्या आत घ्यायची असते. ताईंचं वर्ष त्या पिशवीतच गेलं. शस्त्राच्या दुखापतीची मुदत जास्त असते म्हणून वाट अगदी बंद झाली नाही, पण तोवर जखम भरली, बघणारे विसरले, आणि उशीर का केला याचं उत्तर आता ताईंनाच द्यावं लागणार.

आपल्या सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा दरवर्षी भरते. आपण सगळ्या जणी दर्शनाला जातो. ते इथे मामलेदार होते, इंग्रजांच्या काळात. १८७०-७१ च्या दुष्काळात लोक अन्नाविना तडफडू लागले, तेव्हा त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. असा अधिकारी भेटला म्हणून लोकांनी त्याला देव केलं. पण दर वेळी देवमाणूसच खुर्चीत भेटेल याची वाट किती दिवस बघायची? खुर्चीत कुणीही असो, समोर उभी असलेली बाई जर नियम सांगू शकली तर तिचं काम व्हायला हवं. त्यासाठी शिकावं लागतं.

आता कुणी म्हणेल, शिकून काय होतं, कोर्ट तर मोठ्यांचंच ऐकतं. त्यासाठी आपल्या महाराष्ट्रातलीच एक घटना सांगते. कायद्याच्या प्रत्येक कॉलेजात ती शिकवली जाते.

१९७२ सालची गोष्ट. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी, वय साधारण चौदा ते सोळा. घरगुती तक्रारीसाठी तिला रात्री पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि ठाण्याच्या आवारातच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये दोघांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा दोघांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही.

यावर कोणतीही बाई काय म्हणेल? रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर वर्दीतली माणसं, कोवळी गरीब मुलगी. ती ओरडणार कुठून? मुकाट्यानं सोसणं म्हणजे होकार नसतो, हे आपल्यापैकी प्रत्येकीला कळतं. पण आपल्याला कळलेलं कोर्टाच्या भाषेत कुणी मांडायचं?

ते काम विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी केलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्यांनी तो निकाल बारकाईनं वाचला, आणि सप्टेंबर १९७९ मध्ये देशाच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. दबावाखाली गप्प राहणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हा फरक निकालात का केला नाही, असं त्यांनी विचारलं. ते पत्र छापून आलं, हातोहात गेलं. १९८० मध्ये मुंबई, नागपूर, दिल्ली अशा ठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तसंच धरून चालायचं, असं ठरलं. अशा खटल्याची सुनावणी बंद दाराआड घ्यायची असं ठरलं. पीडितेचं नाव छापायला बंदी आली. म्हणून मीही त्या मुलीचं नाव घेतलं नाही.

त्या मुलीला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही, हेही सांगायला हवं. तिचा खटला तिथेच संपला. पण तिच्यानंतरच्या कितीतरी बायकांसाठी दार थोडं उघडलं. शिकलेल्या माणसांनी निकाल वाचला, आणि न शिकलेल्या हजारो बायकांनी आवाज दिला. दोन्ही लागलं. एकानं भागलं नसतं.

दुसरं उदाहरणही आपल्या राज्यातलंच. १९८४ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. छळ झालेली बाई शेवटी पोलिसांकडेच येते, तर मग समाजकार्य शिकलेली बाई तिथेच, पोलिसांच्या आवारातच बसलेली असावी. तिनं ऐकून घ्यावं, कायदा समजावून सांगावा, पोलिसांशी बोलावं, निवाऱ्याची सोय पाहावी. पुढे महाराष्ट्र शासनानं हे काम स्वीकारलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष निघाले. तिथे काम करणाऱ्या ताई वकील नाहीत, पोलीसही नाहीत. त्या समाजकार्याची पदवी घेतलेल्या आहेत. म्हणजे या क्षेत्रात जायला काळा कोट किंवा खाकी वर्दीच लागते असं नाही.

आणि बायका या क्षेत्रात शोभत नाहीत असं कुणी म्हटलं, तर त्यांना आपल्या नाशिकचीच गोष्ट सांगा. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशिकला जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, चांगल्या गुणांनी पास झाल्या. पण विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून मिळाली नाही. लोकांनी वर्गणी काढून त्यांना ऑक्सफर्डला पाठवलं. १८९२ मध्ये त्यांनी तिथे कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या बाई. परीक्षा दिली तरी पदवी हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. कारण त्या विद्यापीठात बराच काळ बायकांना पदवीच देत नव्हते. आपल्या देशात बायकांना वकिली करायची रीतसर मोकळीक कायद्यानं मिळाली ती १९२३ मध्ये. दार बंद असताना नाशिकची एक बाई तीस वर्षं उभी राहिली. आज दार उघडं आहे, आणि आपण मुलीला उंबऱ्यावरच अडवतो.

आता वाटा सांगते. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिली वाट वकिलीची, म्हणजे एलएलबी. बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी पाच वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. आधीच बीए, बीकॉम, बीएस्सी झालेली असेल तर तीन वर्षांचा. खुल्या प्रवर्गाला साधारण ४५ टक्के, इतर मागास प्रवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची विधी सीईटी द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला निघतात, म्हणून जानेवारीपासूनच संकेतस्थळावर लक्ष ठेवायचं. बारावीचा निकाल लागल्यावर शोधायला गेलं तर गाडी निघून गेलेली असते. पदवीनंतर बार कौन्सिलची सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. मग कोर्टात उभं राहता येतं. आपल्या तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे, हे मुलींना मुद्दाम सांगा. इंग्रजी येत नाही म्हणून मागे फिरू नका. वाचनापुरती इंग्रजी हळूहळू येते.

वकील झालेली मुलगी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सहायक सरकारी वकील होऊ शकते. न्यायाधीशही होऊ शकते. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये ठरवलं. म्हणजे थेट उडी नाही, पण रस्ता सरळ आहे.

दुसरी वाट समाजकार्याची. कोणत्याही पदवीनंतर एमएसडब्ल्यू करता येतं. टाटा संस्थेत तर गुन्हेशास्त्र आणि न्याय असा वेगळा विषय आहे. यात विशेष कक्ष, बालगृह, निरीक्षणगृह, तुरुंगातल्या कैद्यांचं पुनर्वसन अशी कामं येतात. तुरुंगाचं नाव ऐकून दचकू नका. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशाच्या तुरुंगांत दर चार माणसांमागे साधारण तीन जण अजून दोषी ठरलेले नव्हते, त्यांचे खटले चालू होते. त्यातल्या कित्येकांकडे जामिनाला माणूस नसतो. त्यांच्या बायकामुलं आपल्यासारख्याच गावांत वाट बघत असतात. ते कामही न्यायाचंच.

तिसरी वाट विज्ञानाची. ज्या मुलीची बारावी विज्ञान शाखेतून झाली, तिला न्यायसहायक विज्ञानाची पदवी घेता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासनाच्या संस्था आहेत. १ जुलै २०२४ पासून जे नवे फौजदारी कायदे आले, त्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा नियम आहे. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे अशी माणसं पुढेही लागणार आहेत. आपल्या नाशिकमध्येही अशी सरकारी प्रयोगशाळा आहे.

चौथी वाट मुलींना माहीत असलेली, पोलीस भरतीची. तिच्याबद्दल थोडं थांबून बोलायचं आहे. पहाटे आमच्या मैदानावर किती मुली धावतात! त्यांचं कौतुक आहेच. पण आमच्या एका गटातल्या सदस्याची मुलगी दोन वर्षं धावली आणि उंचीत बसली नाही. महिला शिपायाला १५५ सेंटिमीटर लागतात, ती थोडक्यात कमी पडली. घरी सगळ्यांनी धरलं, आता संपलं, स्थळं बघा. मुलगी बीएला होती, वाचायची, वाद घालायची. तिला पोलीसच का व्हायचं होतं, विचारलं तर म्हणाली, "आमच्या गल्लीत एक बाई रोज मार खायची, कुणी काही केलं नाही. मला काहीतरी करता यावं म्हणून." मी तिच्या आईला म्हटलं, ताई, उंची वर्दीला लागते. कोर्टात उभं राहायला उंची कोणी मोजत नाही.

तिच्या वडिलांचं म्हणणं मात्र हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "अजून तीन वर्षं. नाशिकला राहायचं, जेवायचं. कांद्याला भाव नाही. आणि वकील झाल्यावर पहिल्या दिवशी कोण पैसे देतं?" खरं आहे त्यांचं. वकिलीत सुरुवातीची वर्षं कोरडी जातात. हे लपवून मुलीला पाठवलं तर मधेच मोडतं. म्हणून हिशेब आधी मांडायचा. आम्ही तो वहीवर मांडला. तसाच तुमच्यासमोर मांडते.

फीचं आधी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. कॉलेजच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहेच. अर्ज महाडीबीटीवर करायचा. तुमचा अभ्यासक्रम आणि कॉलेज यात बसतं का, हे प्रवेशाआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागेल तिथे नॉन-क्रिमीलेयर, हे सगळं तहसीलमधून आधीच काढून ठेवा.

राहण्या-जेवणाचा खर्च मोठा असतो. सटाण्याहून नाशिक साधारण ९० किलोमीटर. रोज एसटीनं जाणं-येणं जमत नाही, आणि कायद्याच्या कॉलेजात ७० टक्के हजेरी लागते. त्यासाठी आदिवासी मुलींना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, आणि पैसे कधी कधी उशिरा येतात. म्हणून पहिले सहा महिने निभावण्याची तजवीज घरात किंवा गटात हवी.

इथे आपला गट कामाला येतो. आपण म्हशीला कर्ज देतो, शिवणयंत्राला देतो, लग्नालाही देतो. लग्नाला देताना कुणी विचारत नाही परत कसं येणार. मग शिक्षणाला देताना हात का आखडतो? त्या मुलीसाठी आमच्या गटानं बैठकीत चर्चा केली. दोघींनी विरोध केला, त्यांचंही ऐकून घेतलं. शेवटी कर्ज एकरकमी न देता सहा-सहा महिन्यांनी द्यायचं ठरलं, हजेरी आणि निकाल पाहून. वडील अजून पूर्ण राजी नाहीत. पण स्थळं बघणं थांबवलंय, आणि मुलगी सीईटीचा अभ्यास करतेय. पुढचं तिच्या हातात आहे.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, "घरबसल्या एलएलबी", "कॉलेजला न येता वकील व्हा" अशा जाहिरातींना भुलू नका. पत्रद्वारे केलेल्या एलएलबीला बार कौन्सिल मान्यता देत नाही, सनद मिळत नाही. कोणत्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी त्याला बार कौन्सिलची मान्यता आहे का ते पाहा. दोन, तीन महिन्यांत गुन्हेतज्ज्ञ करतो म्हणणाऱ्या क्लासपासून लांब राहा. प्रमाणपत्र कुणी दिलं, ते विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का, हे विचारा. घरी बसून शिकायचंच असेल तर इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. ज्ञान मिळवायला तो चांगला. पण त्यानं वकील होता येत नाही, हे आधीच समजून घ्या.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, आमचं वय गेलं, मुलींचं बोलताय. आपल्यासाठीही वाट आहे. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. तिच्यामार्फत विधी स्वयंसेवक नेमतात, त्यांना प्रशिक्षण देतात. पदवीची सक्ती नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या, गावात वावरणाऱ्या बचत गटाच्या बाईला हे काम नक्की जमतं. आणि १९८७ च्या कायद्यानुसार बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. मारहाण किंवा धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१.

आणि ठाण्यात जाताना एवढं लक्षात ठेवा. काय झालं, कशानं झालं, कुणी पाहिलं, हे तिन्ही सांगा. लिहिलेलं वाचून घ्या, नाहीतर वाचून दाखवायला सांगा, मगच सही किंवा अंगठा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागा. कागदावर "अदखलपात्र" लिहिलंय का ते पाहा, आणि असेल तर त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद देता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचं बंधन नव्या कायद्यानं पोलिसांवर घातलं आहे.

शेवटी एक काम देते. पुढच्या बैठकीत हजेरी आणि बचत झाली की प्रत्येकीनं सांगायचं, आपल्या घरात, आपल्या गल्लीत बारावी किंवा पदवीला असलेल्या मुली किती. त्यातली वाचणारी, बोलणारी, अन्याय दिसला की गप्प न बसणारी कोण, हे आपल्याला बरोबर माहीत असतं. अशा मुलीला आपण एरवी तोंडाळ म्हणतो. या वेळी तिला बैठकीला बोलवा आणि या चार वाटा सांगा. तिच्या आई-वडिलांशी हिशेब घेऊन बोला, नुसता उपदेश करून नाही. एका ग्रामसंघातून एक मुलगी जरी या शिक्षणाला गेली, तरी पाच-सहा वर्षांनी पिशवीतला कागद दाखवायला आपल्याला परक्याचं दार शोधावं लागणार नाही.